पहिली पेंढी पाण्याची

मोजणीच्या चौथ्या दिवशी धुकं पाण्यावर असं बसलं होतं, की होडीच्या पुढच्या टोकाला उभे असलेले बाबा कमरेपासून वरचेच तेवढे दिसत होते. खालचे बाबा, म्हणजे दुखरा गुडघा, चिरा पडलेल्या टाचा आणि होडीत साचलेलं चार बोटं पाणी, धुक्याच्या पोटात होते. मुलगी मागच्या टोकाला बसली होती. मांडीवर फळी, फळीवर वही, वहीला दोरीनं बांधलेली पेन्सिल. बसल्या जागेवरून तिला लव्हाळ्याच्या बेटाची नुसती हिरवट भिंत दिसत होती. आतलं दिसायचं ते बाबांना. ते दुखरा पाय दुसऱ्या पोटरीला टेकवून एका पायावर तासन्‌तास उभे राहत. गावानं त्यांचं नाव बगळा पाडलं होतं आणि त्यांनी ते बिनतक्रार घेतलंही होतं.

"किती?" मुलीनं हळू विचारलं.

बाबा लव्हाळ्यात डोकावले. त्यांचा अंगठा आधी बोटांच्या मुळाशी नुसता टेकला, मग एकेका पेरावरून चालू लागला. आत कुठंतरी पाणकोंबडी कुरकुरली. झोपेत कूस बदलताना माणूस कुरकुरतं तशी.

"नऊ."

मुलीनं नऊ लिहिले. तिनं बांबू रोवला, होडी सरकली. पुढचं बेट लहान होतं. बाबांनी मान लांब करून पाहिलं, अंगठा बोटांच्या मुळाशी टेकवला आणि तसाच खाली सोडला.

"काही नाही."

तिनं शून्य काढलं. गेल्या चार दिवसांत तिला स्वप्नं पडत होती तीसुद्धा याच रंगाची. पांढरं पाणी, पांढरं आभाळ, मधे बाबांचा आवाज, सहा, अकरा, काही नाही. जागेपणी आणि झोपेत फरक एवढाच, की जागेपणी बूड ओलं व्हायचं.

एकतीस बेटं संपली तेव्हा सूर्य धुक्यातून दुधातल्या सायीसारखा वर आला होता. मुलीनं वहीतच बेरीज केली. पुन्हा केली. मग खालून वर केली.

"किती झाली?" बाबांनी विचारलं.

"एकशे शहात्तर."

बाबा बसले. चार दिवसांत होडीत ते पहिल्यांदाच बसले असतील.

दोनशे हवी होती. वनखात्याच्या कागदात तसं स्पष्ट होतं: पाणथळीत पाणकोंबड्यांची घरटी दोनशेच्या आत आली, तर लव्हाळं कापणं पाच वर्षं बंद. पाणथळीच्या काठावरची चाळीस घरं लव्हाळ्यावर उभी होती. घरात लव्हाळं कापणारा बाप, चटई विणणारी आई, आणि चटईवर वाढलेली मुलं. पाच वर्षं विळा खुंटीला टांगून कुणी काय करायचं, हे कागदात नव्हतं. त्याला कागद अपुरा पडला असावा.

खात्याचं म्हणणं, कापण्यामुळं पाखरं पळतात. गावाचं म्हणणं, कापलेल्या जागी कोवळं येतं म्हणून तर पाखरं येतात. दोन्ही म्हणणी वर्षानुवर्षं एकमेकांकडे पाठ करून बसली होती. शेवटी पाणथळीसाठी काम करणाऱ्या संस्थेच्या ताई मधे पडल्या. त्यांनी दोन वर्षं अर्ज केले, खात्याच्या पायरीवर बसून दिवस काढले आणि एवढं पदरात पाडून घेतलं, की ज्यांचं जगणं पाण्यावर त्यांना पाण्याबद्दल बोलायचा हक्क आहे, म्हणून यंदा मोजणी गावातली तरुण पोरं करतील आणि जाहीर सुनावणीत ती वाचली जाईल. नऊ जणांचा गट झाला. कुणी पाण्याची खोली मोजली, कुणी घरोघर जाऊन माणसं विचारली. घरटी मुलीच्या वाट्याला आली, कारण तिचं अक्षर चांगलं होतं आणि तिचा बाप बगळा होता.

आणि सुनावणी परवा होती.

*

संस्थेची खोली म्हणजे शाळेची जुनी सामानाची खोली. एक टेबल, एक नकाशा, पाय मोडून विटेवर उभं केलेलं कपाट. ताईंनी वही पाहिली, मग मुलीकडे पाहिलं. त्यांची चप्पल अंगठ्याशी तुटलेली होती आणि विचार करताना त्या ती पायातच घसटत.

खात्याचा मोजणीदार आधीच येऊन बसला होता. साहेबांनी त्याला तपासणीला पाठवलं होतं. कोरडा माणूस. बोलायचा तेव्हा शिक्का मारल्यासारखा बोलायचा.

"तीन बेटं मी सकाळी स्वतः पाहिली," तो म्हणाला. "पाच नंबर. तुमची सहा, माझी सात. चौदा नंबर. तुमची अकरा, माझी बारा. बावीस. तुमची चार, माझी पाच."

"जास्तच निघाली की मग," ताई म्हणाल्या.

"जास्त निघाली म्हणजे वही चुकीची निघाली. चुकीची वही वाचायची कशी?" मग तो दाराकडे वळला. बाबा चिखलाचे पाय म्हणून उंबऱ्याबाहेर उभे होते. "काय हो, दर वेळी एक कमी. एक घरी खायला ठेवता काय?"

बाहेर पाच-सहा माणसं जमली होती. कुणीतरी हसलं.

"इकडे या. हं." मोजणीदारानं पंजा वर केला. "ही किती?"

मुलीच्या कानशिलांना आग लागली. बाबांनी मात्र त्या पंजाकडे नीट, वेळ घेऊन पाहिलं.

"पाच."

"मग डोळ्यांत दोष नाही तुमच्या."

"नाही," बाबा म्हणाले. "तुमच्या करंगळीचं नख तुटलंय, तेही दिसतं."

हसणारा पुन्हा हसला. या वेळी कुणाला हसला ते कळलं नाही. पण घरी परतताना बाबा बांधावरून चालले ते मुलीच्या चार पावलं मागं. एरवी ते पुढं असत.

*

आई अंगणात पेंढ्या मोजत होती. भिंतीला टेकवून वाळत घातलेलं गेल्या हंगामातलं लव्हाळं, चटईला शेवटचं उरलेलं. मुलगी पायरीवर बसली. डोळ्यांसमोर अजून धुकंच होतं. त्या धुक्यातून तिला आईचे हात दिसत राहिले, पातीनं कापून कापून रेघा पडलेले. आईनं पहिली पेंढी उचलली, न बघता डाव्या बाजूला ठेवली. दुसरी उचलली आणि म्हणाली,

"एक."

तिसरी. "दोन."

रोजची गोष्ट डोळ्याला दिसत नाही. मुलगी हे जन्मल्यापासून पाहत आली होती. लव्हाळं कापणारा पहिली पेंढी पाण्यावर सोडतो, ती मोजत नाही. मोजणी दुसरीपासून. कुणी शिकवत नाही आणि कुणी विचारत नाही. पाण्यानं एवढं दिलं, त्यातली पहिली त्याची. पण आज कशानं कोण जाणे, ती बाजूला पडलेली पेंढी तिला दिसली. मग तिला बाबांचा अंगठा दिसला, बोटांच्या मुळाशी आधी नुसता टेकणारा.

ती उठली. बाबा रांजणाशी बसून टाचांच्या चिरांत मेण भरत होते.

"बाबा, पाच नंबरच्या बेटात पहिलं घरटं कुठं होतं?"

"वाकड्या पाणकणसाच्या बुडाशी," बाबा लगेच म्हणाले.

"ते धरून सहा?"

बाबांनी मान वर केली. पोरीला ऊन लागलं की काय, असं बघितलं.

"ते धरून कसं? ते पहिलं."

अंगणात आईचा हात थांबला.

"पहिलं मोजलंच नाहीत तुम्ही?"

"पहिलं कसं मोजेन?"

"अहो," आई तिथूनच म्हणाली, "घरटी म्हणजे काय पेंढ्या आहेत?"

"तू धरतेस का गं पहिली पेंढी?"

"पेंढीचं वेगळं."

"काय वेगळं?"

हातातली पेंढी कितवी होती हे आई विसरली आणि तिला पुन्हा पहिल्यापासून मोजावं लागलं. म्हणजे दुसऱ्यापासून.

मुलीनं वही आणली. एकतीस बेटांपैकी वीस बेटांत आकडा होता. वीस बेटं, वीस घरटी. एकशे शहाण्णव. तिच्या छातीत काहीतरी उडालं आणि तिथंच बसलं. अजून चार हवी होती. आणि अकरा बेटांपुढं शून्य होतं.

"बाबा, तुम्ही काही नाही म्हणालात तिथं खरंच काही नव्हतं, की एक होतं?"

बाबांनी विचार केला. प्रामाणिकपणे केला, ते दिसत होतं.

"कुठं काही नव्हतं. कुठं एक होतं."

"कुठं काय?"

"ते आता काय आठवणार? जे मोजायचं नाही, ते माणूस लक्षात कशाला ठेवील?"

आई कपाळाला हात लावून पेंढ्यांवर बसली. "एवढी शाळा शिकलेली पोरगी," ती म्हणाली, "आणि मोजायला कुणाला घेऊन गेली, तर याला. देवळातल्या घंटेला वेळ विचारावी तसं."

*

सकाळी ताईंनी सगळं ऐकून घेतलं आणि चप्पल घसटणं थांबवलं. मग त्या हसल्या. दोन वर्षांत मुलीनं त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

"पाखरांची पाहणी कशी करायची, यावर मी तुम्हाला तीन दिवस शिकवलं," त्या म्हणाल्या. "पहिल्या दिवशी पहिलं मोजा, एवढं सांगायचं राहिलं."

मोजणीदार हसला नाही. त्यानं वहीतला आकडा आणि स्वतःचा आकडा शेजारी शेजारी ठेवून पाहिला.

"तीन पाहिली, तिन्हीत बरोबर एक कमी. कारण लेखी द्या. वीस मान्य करतो."

कारण ताईंनी लिहिलं आणि बाबांनी सही केली. सही करताना त्यांची जीभ दातांत येई. मोजणीदारानं कागद मोठ्यानं वाचला: "पहिलं घरटं मी मोजलं नाही, कारण पहिलं मोजत नाहीत." त्यानं कागद उलटून पाहिला. "हे कारण झालं?"

"हेच आहे," बाबा म्हणाले.

"ठीक. पण शून्याला एक जोडता येत नाही. ती अकरा बेटं पुन्हा बघायची. मी धक्क्यावर बसतो. सूर्य बुडेपर्यंत वही माझ्या हातात पडली, तर उद्या वाचली जाईल. नाही तर उद्या माझा कागद वाचला जाईल, आणि त्यात एवढंच असेल की गावाची मोजणी भरवशाची नाही."

ताई मुलीला दारापर्यंत सोडायला आल्या. "चार सापडली तर उत्तम," त्या हळू म्हणाल्या. "नाही सापडली तर नाही सापडली म्हणून लिही. पण नीट लिही. पुन्हा कुणी तुमच्या हातात वही द्यायची की नाही, ते त्यावर ठरेल."

*

अकरा बेटं एका अंगाला नव्हती. पाणथळीत कुणी मूठभर धान्य फेकावं तशी पसरली होती. बाबांनी बांबू घेतला आणि मुलीला पुढं उभं केलं.

"तू बघ. माझ्या तोंडून ते यायचं नाही."

"का?"

बाबांनी बांबू रेटला. होडीच्या पोटाखाली लव्हाळ्याची मुळं खसखसत होती.

"तुझा थोरला काका," ते म्हणाले. "त्यानं एकदा मोजली होती पहिली. पेंढी. पैज लावून, मोठ्यानं. त्याच हंगामात पाण्यानं नेला."

"तुम्ही तर सांगायचात की काका घसरले."

"घसरलाच." बाबांनी बांबू उपसला. "पण घसरतो तर रोजच माणूस."

पहिलं बेट रिकामं. दुसरं रिकामं. मुलगी एका पायावर उभी राहून पाहू लागली, कारण दोन पायांवर होडी डुलायची. बगळेपणात काहीतरी शहाणपण होतं हे तिला कळलं. डोळे सरावले तशी भिंत भिंत राहिली नाही. तिच्या आत खोल्या दिसू लागल्या. कोवळ्या पातीचा दरवाजा, मोडलेल्या काड्यांचं ओसरीएवढं अंगण, पाण्यावर पडलेली उजेडाची खिडकी. त्या घरांत कुणी राहत नव्हतं, पण आत्ताच उठून गेल्यासारखं वाटत होतं. तिला वाटलं, आपण फार मोठ्या झोपलेल्या गावातून चाललो आहोत आणि पावलं वाजवायची नाहीत.

तिसऱ्या बेटात, काळ्या पाण्यावर, काड्यांच्या परडीत पाणकोंबडी बसली होती. तिनं मुलीकडे एका डोळ्यानं पाहिलं. हलली नाही.

"आहे ना?" मागून बाबा म्हणाले.

"आहे."

"मग लिही. मला सांगू नको किती."

"आहे म्हणजे एकच असणार ना, बाबा."

"मग सांगू नको म्हटलं तर सांगतेस कशाला?"

एकशे सत्त्याण्णव. दुपारी ऊन धुक्यासारखंच पांढरं झालं. पाचव्या बेटात एक. मग दोन बेटं कोरी. बाबांचा गुडघा बोलू लागला, ते बांबूवर भार टाकून क्षणभर थांबत आणि पुन्हा रेटत. दोघांनी भाकरी होडीतच खाल्ली. वारा पडला होता आणि होडीभोवती आभाळ उलटं पडलं होतं. मुलीला वाटलं, आपण ढगांना बांबू लावून पुढं चाललो आहोत, आणि तो ढगांत रुततोही आहे. आठव्यात एक. ती परडी पाण्याला इतकी टेकली होती, की पाणकोंबडीच्या पंखांखालची अंडी ओली दिसत होती.

एकशे नव्व्याण्णव.

नववं कोरं. दहाव्यात एक जुनी, मोडलेली परडी होती. त्यात पाणी होतं आणि पाण्यात एक पीस. मुलगी तिच्याकडे बघतच राहिली. अकरावं पाणथळीच्या पार टोकाला होतं. तिथं पोचेपर्यंत सावल्या लांब झाल्या होत्या. तिनं होडी बेटाभोवती सबंध एकदा फिरवायला लावली, मग उलटी. अकराव्यात काही नव्हतं. जुनीही परडी नव्हती.

"दहाव्यातली धर," बाबा म्हणाले.

"ती मोडलेली आहे."

"गेल्या महिन्यात नसेल मोडलेली. कोण बघतं? मी करतो सही."

मुलीनं पेन्सिल हातात धरली. चाळीस घरं. शून्याच्या जागी एक उभी रेघ काढायची, एवढंच काम. तिला मोजणीदाराचा पंजा दिसला आणि त्याच्याकडे वेळ घेऊन बघणारे बाबा दिसले. पाचला पाच म्हणणारे. या माणसानं आयुष्यात कधी खोटं मोजलं नव्हतं. फक्त पहिलं सोडलं होतं.

तिनं शून्य काढलं. शून्य जरा वाकडं आलं.

"आईला तू सांग," बाबा म्हणाले आणि होडी वळवली.

*

होडी परत निघाली. पाणी तांबूस झालं होतं. धक्का दिसू लागला, धक्क्यावर खुर्ची, खुर्चीत मोजणीदार आणि शेजारी उभ्या ताई. मोजणीदारानं सूर्याकडे पाहिलं. सूर्य अजून हातभर वर होता.

धक्क्याला लागूनच लव्हाळ्याचं एक जुनं बेट होतं. सगळ्या पाणथळीत उंच, दोन पुरुष उंच. पाती करड्या होऊन गेलेल्या. होड्या त्याच्या आडोशाला बांधत. पोरं त्याच्या मागं लपत. मुलीनं होडीची दोरी त्याच आडोशाच्या खुंटाला टाकली आणि उतरायला पाय उचलला.

आतून पिलू चिवचिवलं.

तिनं पाय खाली ठेवला. कान दिला. एक नव्हे. दोन-तीन आवाज, वेगवेगळ्या जागांवरून. रोज सकाळी होडी सोडताना ती हा आवाज ऐकत आली होती, घरातल्या रांजणाच्या ठिबकण्यासारखा.

"बाबा," ती म्हणाली, "हे बेट नकाशात का नाही?"

"कुठलं?"

"हे."

"हे कुणी कापत नाही."

"कापत नाही ते कळलं. नंबर का नाही त्याला? नकाशा काढला तेव्हा तुम्हीच नंबर सांगितलेत. एक नंबर ते पलीकडचं म्हणालात. मग हे कितवं?"

बाबांनी बेटाकडे पाहिलं. मग पाण्याकडे.

"हे पहिलं," ते म्हणाले.

धक्क्यावर ताईंनी दोन्ही हात डोक्याला लावले.

"साहेब," मुलगी मोजणीदाराला म्हणाली. तो साहेब नव्हता, पण तिच्या तोंडून गेलं. "हे बेट हद्दीत आहे?"

मोजणीदार उठला. खुर्चीमागचा हद्दीचा दगड त्यानं पायानं गवत सारून पाहिला. "दगड माझ्या मागं आहे. म्हणजे आत आहे." मग तो बेटाकडे वळला. "दुपारपासून आवाज ऐकतोय. मला वाटलं, याची नोंद तर तुमच्याकडे असणारच. दारातलंच बेट."

मुलगी होडीच्या टोकाला उभी राहिली. टाचा उंच केल्या. दिसेना. पाती तिच्या डोक्याच्या वर माणूसभर उंच होत्या आणि बेट भाकरीच्या पिठासारखं घट्ट होतं. एकच जागा अशी होती की जिथून आत डोकावता येईल. धक्क्याचा कोपरा आणि होडीची कड, यांमध्ये एका पायाएवढी. तिथं उभं राहून बांबूएवढी लांब मान करू शकणारा माणूस गावात एकच होता.

"बाबा."

"नाही."

"एकच हवंय."

"एकच तर नकोय!"

कुणी हसलं नाही. मोजणीदारानं घड्याळ पाहिलं नाही. काठावरच्या घरांतून एकेक माणूस दारात आलं होतं. आई पेंढ्या सोडून खाली उतरली होती आणि तिच्या पदराला अजून काड्या चिकटलेल्या होत्या. ती म्हणाली, "अहो." एवढंच म्हणाली.

बाबांनी बांबू मुलीच्या हातात दिला. दुखरा पाय पोटरीला टेकवला. एका पायावर, होडीच्या कडेवर, ते हळूहळू सरळ झाले. मुलीनं बांबू चिखलात खोल रोवून होडी धरली. अशी धरली की पाणीसुद्धा थांबावं. पाती बाबांच्या चेहऱ्यावरून हलल्या आणि त्यांचं डोकं आत गेलं.

बराच वेळ झाला. पाणी तांबूस होतं ते जांभळट झालं. बाबांचा उजवा हात बाहेर लोंबत होता आणि मुलीला तेवढाच दिसत होता. अंगठा उठला. बोटांच्या मुळाशी नुसता टेकला. तिथं थांबला.

"एक," आतून बाबा म्हणाले.

गार पाण्यात पाय टाकताना तोंडातून निघतो तसा तो शब्द निघाला. सगळ्यांनी पाण्याकडे पाहिलं. पाणी होतं तसंच होतं. एक बुडबुडा आला आणि फुटला. तो रोजही येत असे.

"लिहिलंस?"

मुलीनं बांबूवरचा एक हात काढला. पेन्सिल दोरीला लोंबत होती, ती धरली. "लिहिलं."

"मग गप्प का? दोन." अंगठा पेरावर सरकला. "तीन. त्याला पिलं आहेत. चार…"

सातापर्यंत गेले. मग ते वाकले, गुडघा धरून होडीत बसले आणि एखादं मोठं ओझं डोक्यावरून उतरवल्यावर माणूस हसतं तसं, थोडं मूर्खासारखं, हसले. मुलीनं खाली बेरीज मांडली, दोनशे सहा, आणि वही मोजणीदाराच्या हातात दिली. त्यानं पानं चाळली. सगळी शून्यं पाहिली, दहाव्या बेटाचं, अकराव्याचं. वाकड्या शून्यावर त्याचं बोट क्षणभर थांबलं. मग त्यानं खाली वेळ घातली आणि सही केली. सूर्य अजून नखभर उरला होता.

आई घराकडे गेली आणि परत आली. तिच्या हातात एक पेंढी होती. बाजूला काढून ठेवलेली नव्हे, मोजलेल्यांतली, चांगली, लांब पातीची, चटईच्या मधोमध जाते तसली. ती धक्क्याच्या शेवटच्या पायरीवर उतरली आणि तिनं पेंढी पाण्यावर ठेवली.

"हे काय?" मोजणीदारानं विचारलं.

"पाण्याचं पहिलं आज आपण वहीत घेतलं ना," आई म्हणाली. "मग त्याला काही नको?"

मोजणीदार वही काखेत धरून उभा राहिला. पेंढी जुन्या बेटाला वळसा घालून, कुणी बांबू न लावता, उजेडाकडे निघाली होती.